चौथ्या ओळीतली पुंगळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडतानाही कधी शब्दांत म्हटलं नाही. देवाला ठाऊक असेलच, मग सांगायचं कशाला, अशी मी माझी सोय करून घेतली होती. आज लिहायला बसलेच आहे तर तुम्ही समोर बसला आहात असं धरते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

लोक मला चांगली म्हणतात, हे आधीच सांगून टाकते. बेळगावात आमच्या गल्लीत कुणाकडे बाळंतीण असो की आजारी माणूस, पहिली हाक मला येते. वकिलांची थोरली सून, शांत बाई, हिच्या तोंडून कधी कुणाचं वाईट निघालं नाही, असं म्हणतात. खरंच आहे ते. माझ्या तोंडून काही निघालं नाही — सगळी गोष्ट तेवढीच आहे.

संकेश्वरहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझं वय सतरा. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. नावाजलेले वकील, स्वभावानं गमत्ये, आणि छंद मात्र असा की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा आप्पांनी त्याचं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि रीतसर लायसन काढलं. शिकार त्यांनी जन्मात केली नाही. कोंबडीचं रक्त बघूनसुद्धा त्यांना घेरी यायची. रविवारी दुपारी टांग्यातून पिरनवाडीच्या अंगाला जायचं, तिथल्या ओसाड खाणीत रॉकेलचे जुने डबे मांडायचे आणि त्यांवर नेम धरायचा, एवढीच त्यांची चैन. पण काडतुसं मुंबईहून यायची, आणि यायला महिना महिना लागायचा. म्हणून एकदा उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आप्पा गोळा करून आणायचे, आणि त्या घरीच पुन्हा भरल्या जायच्या.

आणि त्या कामाला अख्खं घर बसायचं! कुणाच्या घरी रविवारी सकाळी भजन असतं, कुणाच्या घरी पत्ते. आमच्याकडे हे. सासूबाई पुंगळ्या चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायच्या आणि सांडग्यांसारख्या सुपात वाळवायच्या. तोंडानं कुरकूर चालायची, पण पितळेवर एक डाग राहिलेला त्यांना खपायचा नाही. आप्पा परसात शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायचे. आमचे हे पुंगळीच्या बुडाला चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचे, आणि शेवटी गोळी दाबून घट्ट करायचे. त्या हत्याराला आम्ही अडकित्ता म्हणायचो, कारण दिसायचं अगदी तसंच. आणि मधलं काम, सगळ्यांत नाजूक — मापानं दारू भरायचं — ते अंबूचं. अंबू माझी नणंद. माझ्याहून चार महिन्यांनी लहान. शेजारच्या काकू ओट्यावर बसून म्हणायच्या, ‘वकिलांची लेक रविवारी दारू भरतीया.’ सासूबाई चिडायच्या, आप्पा मात्र पोट धरून हसायचे.

माझं काम काय? बघायचं. सागवानी फळीला सुतारानं दहा-दहाच्या पाच ओळींत भोकं पाडून दिली होती. त्यांत पुंगळ्या उभ्या करून अंबू एकेकीत माप रिकामं करायची. पन्नास झाल्या की म्हणायची, ‘भरलं.’ मग मी ती फळी अलगद खिडकीपाशी उन्हात न्यायची, प्रत्येक पुंगळीत डोकावायचं, आणि म्हणायचं, ‘बघितलं.’ माझा हा शब्द ऐकल्याशिवाय आमच्या ह्यांनी अडकित्त्याला हात लावायचा नाही, हा आप्पांचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक होता. भरणारी मधेच उठली, एका क्षणासाठी का होईना, तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून भरायचं.

तुम्हांला वाटेल, बरं होतं की, सुनेला सोपं काम दिलं. पण मला ते काम बोचायचं. का, ते सांगायला हवं, आणि सांगताना लाज वाटते, इतकं ते कारण क्षुल्लक आहे. मला दारू भरायची होती. माहेरी शंभर पानांच्या पंगतीच्या आमटीत मीठ मी अंदाजानं टाकायची, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. माझ्या हाताचा मला अभिमान होता. ह्यांच्यामार्फत मी विचारून पाहिलं. आप्पा सुनेशी थेट बोलत नसत, ती त्या घरची रीतच होती. ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, ‘सूनबाईंचा हात जरा जड हाय. त्यांनी आपलं बघावं.’ आदल्याच दिवशी माझ्या हातून पिठलं खारट झालं होतं. सगळे हसले. अंबूही हसली. पदराआड मीही हसले.

अंबू वाईट होती का? मुळीच नाही. तेच तर. दुपारी सगळे आडवे झाले की ती मला इंग्रजी मुळाक्षरं शिकवायची. माझ्या पहिल्या मंगळागौरीला तिनं माझ्या चोळीवर स्वतः वेलबुट्टी काढली होती. ती मॅट्रिक झाली होती, आणि आप्पांनी लोकांच्या बोलण्याला भीक न घालता तिला पुण्याला डॉक्टरीच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. आप्पांचे स्नेही असलेल्या एका डॉक्टरांनीच तिथं शब्द टाकला होता. जागा मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आप्पांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं. मी वाढत होते. भाताचा डाव हातात घेऊन मी उभी राहिले आणि मनात आलं — हिच्या हाताला पुणं, आणि माझ्या हाताला खारट पिठलं.

असं मनात येणं हा काही गुन्हा नव्हे, हो ना? कुणाच्या मनात येत नाही?

पुढच्याच रविवारी ते डॉक्टर मुद्दाम नेमबाजी बघायला यायचे होते. सकाळी घर आनंदात होतं. फळी भरली, मी बघितली, ह्यांनी गोळ्या बसवल्या. दुपारी दोन टांगे करून सगळे खाणीवर गेलो. आप्पांनी अंबूला शेजारी उभं केलं आणि डॉक्टरांना म्हणाले, ‘भरताव आम्ही सगळी, पण मोजती ही. तुमच्या औषधाचं मापबी असंच मोजंल बघा.’ अंबूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पहिला डबा उडाला. दुसरा उडाला. तिसऱ्या खेपेला आवाज झाला तो कुणी दाराची कडी काढावी तेवढाच. आप्पा हसले. डॉक्टर म्हणाले, ‘फुसकी निघाली की वो!’ आप्पांनी हसत हसतच पुन्हा चाप ओढला.

मग जो आवाज झाला तो आमच्या ओळखीचा नव्हता. पुंगळीत दारू नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती, आणि मागून दुसरी येऊन तिच्यावर आदळली. नळी फुटली. आप्पांचं धोतर लाल झालेलं मी पाहिलं. ज्या माणसाला कोंबडीचं रक्त सोसत नसे तो आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता. डॉक्टर तिथं होते म्हणून जीव वाचला. तर्जनी गेली, शेजारची दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. नंतर उभ्या आयुष्यात आप्पांना लेखणी धरता आली नाही. सही करायची तर डाव्या हातानं, शाळेत नव्यानं घातलेल्या पोरासारखी.

घरी आल्यावर विचारणा झाली. आप्पा खाटेवर पडलेले, हाताला पांढरं गाठोडं. रीत त्यांनी तेव्हाही मोडली नाही. सासूबाईंना म्हणाले, ‘सूनबाईंना विचारा, सगळ्या बघितल्या व्हत्या न्हवं?’ मी मान खाली घालून म्हणाले, ‘बघितल्या होत्या. मला भरलेल्याच दिसल्या. एखादी नजरेतून सुटली असंल.’ माझा आवाज कापत होता. भीतीनं कापत होता, पण सगळ्यांना ते दुःख वाटलं. आणि मी आणखी काही बोलायच्या आत अंबू म्हणाली, ‘वैनीला कशाला विचारताय? भरणारी मी. चुकलं ते माझंच.’

आप्पा तिला एका शब्दानं बोलले नाहीत, हेही सांगायला हवं. ‘माणसाचा हात हाय, चुकतो,’ एवढंच म्हणाले. पण ती आठ दिवस जेवली नाही धड. नवव्या दिवशी तिनं सांगितलं, पुण्याला जाणार नाही. डॉक्टर दोनदा समजवायला आले. दुसऱ्या खेपेला मी चहा घेऊन गेले तेव्हा ती म्हणत होती, ‘ज्या हातानं बापाचा हात घालवला, त्या हातानं मी कुणाच्या लेकराला औषध देऊ?’ डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कप ठेवले, बशीत सांडलेला चहा पदरानं टिपला आणि बाहेर आले. एक वाक्य पुरलं असतं. उंबऱ्याच्या आत एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो?

वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. निपाणीतलं तंबाखूच्या वखारीवालं घर, माणसं भली. पुण्याचं ते पत्र आप्पांच्या कपाटात तसंच राहिलं.

आता इथपर्यंत जे सांगितलं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांची समजूत अशी, की अंबूचा हात चुकला आणि वैनीच्या नव्या नजरेला ते दिसलं नाही. मीसुद्धा इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले, की मी नीट बघितलं नाही. निष्काळजीपणा झाला. एवढं कबूल करायला मी केव्हाही तयार होते. निष्काळजी माणसाला लोक माफ करतात, त्यात काय मोठंसं.

पण मी बघितलं होतं.

सांगते. अंबू चौथी ओळ भरत होती तेव्हा अंगणात टांगा थांबला. डॉक्टर वेळेआधीच आले होते. सासूबाईंनी हाक मारली, ‘अंबे, पाणी दे गं त्यांना.’ ती उठली, तांब्या देऊन परत आली, आणि तिथून पुढं भरू लागली. पन्नास झाल्यावर ‘भरलं’ म्हणाली. मी फळी खिडकीपाशी नेली. ऊन चांगलं होतं. चौथ्या ओळीत, डावीकडून सहावी. तिच्या तळाशी लख्ख पितळ चमकत होतं. बाकी सगळ्यांत काळं, आणि हिच्यात सोन्यासारखा उजेड. न दिसायला मी काय आंधळी होते?

मी तिच्याकडे बघत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मनात आलं, आज अंबूची फजिती होऊ दे. डॉक्टरांसमोर, आप्पांसमोर, एक फुसका आवाज, सगळे हसतील, आणि आप्पा सासूबाईंकडे बघून म्हणतील, अंबूचाही हात जडच की. बस, एवढंच मला हवं होतं. खारट पिठल्याची परतफेड.

आणि थांबा, अजून आहे. मी फळी परत आणून ठेवली तशी अंबू हलक्या आवाजात मला म्हणाली, ‘वैनी, मी मधनं उठले व्हते. आप्पांचा नियम हाय. सगळं ओतून परत भरू काय?’

तिनं विचारलं होतं. माप तिच्या हातातच होतं.

मी म्हणाले, ‘कशाला वन्सं, उगीच खोळंबा होईल. मी बघितलंय की.’

ती हसली. माझ्यावर भरवसा ठेवून हसली. मग मी ह्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, ‘बघितलं.’ ह्यांनी अडकित्ता उचलला.

नळी फुटेल हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. पहिल्याच रविवारी आप्पांनी नियम समजावले होते, रिकामी पुंगळी गेली तर काय होतं तेही सांगितलं होतं. मी पदर ओढून भिंतीशी उभी होते. ऐकलं होतं की नव्हतं, ते आता आठवत नाही. आणि हे आठवत नाही म्हणणंही किती सोयीचं आहे, ते माझं मला कळतं. खाणीत तो बारीक आवाज झाला तेव्हा आप्पांच्या हसण्याआधी मी हसले होते, हे मात्र स्वच्छ आठवतं. दुसऱ्यांदा चाप ओढायच्या आधी ‘थांबा’ म्हणण्याइतका वेळ होता. सुनेनं सासऱ्याला हाक कशी मारायची, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिले. बाई गं, घर जळत असतं तरी तू हाक मारली नसतीस काय?

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात त्यांना घास मीच भरवायचे. तेव्हा कुठं ते माझ्याशी थेट बोलू लागले. एकदा म्हणाले, ‘पोरी, तुझा हात लई हलका हाय गं.’ मी तोंड फिरवून भाताची वाटी खाली ठेवली. तेव्हाही बोलले नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून. आणि सासूबाई होत्या तोवर त्यांना कशाला त्रास, म्हणून. माझ्याजवळ दुसऱ्यांची काळजी इतकी होती!

अंबू आहे. निपाणीला. चार मुलं झाली, नवरा जीव लावतो, घरात कशाला कमी नाही. तिचा संसार मोडला वगैरे मी म्हणणार नाही. पण तिच्याकडे दोन दिवस राहा, म्हणजे कळेल. चुलीतली लाकडं ओढून घेतली की ती तीनदा वाकून बघते. पोरींच्या वेण्या घालून झाल्या की पेड मोजते. मीठ आमटीत टाकून झाल्यावर कामवाल्या बाईला विचारते, ‘टाकलं न्हवं मी?’ वखारीतल्या बायका तिला हसतात, मालकीण जरा विसरभोळी आहे म्हणतात. विसरभोळी? शाळेत जिला पानंच्या पानं पाठ असायची ती?

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्याला ताप भरला म्हणून मी गेले होते. मोटारीतून उतरलं की तिथं आधी तंबाखूचा वास नाकात शिरतो. शिंका देतच मी तिच्या दारात पोचले. पोरगा माजघरात निजला होता. कोनाड्यात दवाखान्यातली बाटली, अंगावर कागदाची पट्टी, पट्टीला कापलेल्या खुणा — एका वेळेला एक खूण. औषधाची वेळ झाली होती, आणि अंबू बाटली हातात घेऊन तशीच उभी होती. मला बघून तिला रडूच कोसळलं.

‘वैनी, आलात, लई बरं झालं. कालपासनं हे देतात औषध, आज वखारीत गेलेत. मला न्हाय धाडस हुईत.’

मी म्हटलं, अगं, खुणा आहेत की. तिनं बाटली मला दिली. मी वाटीत औषध ओतलं. तिनं माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं, बाटली उन्हात धरायला लावली, आणि माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, ‘खुणेपतोरच हाय न्हवं? बघितलंत?’

खिडकीतून ऊन येत होतं. बाटलीत औषध बरोबर खुणेवर होतं.

मी म्हणाले, ‘बघितलं.’

पोरगा औषध पिऊन झोपला. आम्ही दोघी त्याच्या पायथ्याशी बसलो. तिचे केस आता पुढून पांढरे झालेत. बराच वेळ ती पोराच्या अंगावरची वाकळ सारखी करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘माझा माझ्या हातावर भरवसा न्हाय वैनी, पण तुमच्या डोळ्यांवर हाय. तुम्हांला एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी माझ्या चुकीपायी तुम्हांलाबी मान खाली घालायला लागली. नवी सून तुम्ही, तुमची काय चूक? कधी बोलले न्हाय, पण रोज मनात येतं. मला माफ करा.’

आणि तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

आम्ही दोघीच होतो. पोरगा झोपला होता. सासूबाई नाहीत, आप्पा नाहीत, आमचे हे बेळगावात. कुणाची रीत मोडायची नव्हती, कुणाला त्रास व्हायचा नव्हता.

मी तिला उठवलं, जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, ‘झालं गेलं वन्सं. मी कधी मनात ठेवलंच न्हाय.’

मी तिला माफ केलं.